विमान कंपन्यांचा इंधनखर्च आणि कार्बन: कुठे दोन्ही एकदम घटतात, कुठे एकमेकांच्या आड येतात?

लोडशीट

मंडळी, विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर म्हणून तेवीस वर्षं काढली. उड्डाणाच्या दोन-अडीच तास आधी मार्ग, वारा, हवामान, वजन हे सगळं जुळवून किती इंधन घ्यायचं ते काढून देणारा तो डिस्पॅचर. गेल्या आठवड्यात पुतणीने विचारलं, "काका, कंपन्या म्हणतात पर्यावरणासाठी इंधन वाचवतो. खरंच पर्यावरणासाठी, की पैशासाठी?" तिला उत्तर देताना लक्षात आलं की हे सविस्तर लिहायला हवं.

आधी गणित. एक किलो एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून वजन वाढतं. भारतात कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा ढोबळमानाने ३० ते ४० टक्के. त्यामुळे वाचवलेल्या प्रत्येक किलोत पैसाही वाचतो आणि कार्बनही. हेतू काय होता याला हवा विचारत नाही.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट. मे महिना, दुपारचे दोन, मी कामासाठी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात गेलो होतो. एअरबसचं ए३२० विमान बेला, म्हणजे त्याच्या उभं राहायच्या जागेला, लागून वीस मिनिटं झाली होती, आणि शेपटीतलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, कानठळ्या बसवत चालू होतं. विमान उभं असताना वीज आणि थंड हवा त्यातूनच मिळते. ताशी शंभर-सव्वाशे किलो इंधन खातं. प्रवासी चढतात-उतरतात त्या पुलाखाली विजेची जाडजूड केबल होती, थंड हवेचा पिवळा पाइपही होता, दोन्ही गुंडाळून ठेवलेले. का? तर केबल लावणारा पोरगा शेजारच्या बेवर बॅगा उतरवत होता. माणूस एक, विमानं दोन. दिवसाला सहा फेऱ्या करणाऱ्या विमानाचा प्रत्येक थांब्यावर असाच अर्धा-पाऊण तास गेला, तर चार-साडेचारशे किलो उभ्या-उभ्या जळतात. त्यातून सव्वा टनाच्या वर कार्बन. तो पोरगा वेळेवर मिळाला असता तर हे सगळं वाचलं असतं. मला कोणी विचारलं की इंधन वाचवायला पहिली गुंतवणूक कशात करू, तर मी सॉफ्टवेअरच्या आधी रॅम्पवरच्या माणसांची संख्या सांगेन.

वजनाचंही तसंच. वैमानिकांच्या नकाशा-मॅन्युअलच्या पंधरा-सोळा किलोच्या बॅगा गेल्या, टॅबलेट आले. पिण्याच्या पाण्याची टाकी छोट्या फेरीला गच्च भरायची नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी १९८०च्या दशकात सॅलडमधलं एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४०,००० डॉलर वाचवले, ती गोष्ट आमच्या प्रशिक्षणात हटकून सांगतात. ती बचत वजनापेक्षा खरेदीची होती, पण बारीकसारीक मोजायची सवय तिथून लागली.

इथवर खर्च आणि कार्बन हातात हात घालून चालतात. पण तीन ठिकाणी ते वेगळे होतात: टँकरिंग, वेग आणि हरित इंधन (मळी, वापरलेलं तेल अशांपासून बनवलेलं). मला खरी चर्चा त्यावर हवी आहे.

टँकरिंग म्हणजे जिथे इंधन स्वस्त तिथून परतीचंही भरून न्यायचं. आपल्याकडे एटीएफ जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याला तो २५ टक्के होता. २०२३च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला. त्याच वेळी काही राज्यांत एक ते पाच टक्के. मग डिस्पॅचरच्या पडद्यावर शिफारस येते: तीन टन जादा घेऊन या. जादा वजन वाहायला तासाला त्या वजनाच्या अडीच ते चार टक्के इंधन जळतं. तीन टक्के धरा. दोन तासांत १८० किलो गेले, म्हणजे जवळपास ५७० किलो कार्बन, फक्त इंधन इकडून तिकडे वाहायला. आणि तरीही कंपनीच्या हिशेबात नफा! अशा शेकडो प्लॅनवर मी स्वतः सही केली आहे. नियमाबाहेर काही नव्हतं. पण घरी येताना ते आकडे डोक्यातून जात नसत.

---

मंजिरी_पार्ले

काका, फार छान धागा. आम्ही पार्ल्यात राहतो, विमानं रोज डोक्यावरून. माझा प्रश्न साधा आहे. मुंबईला उतरताना विमान घिरट्या घालत बसतं. गेल्या दिवाळीत नागपूरहून येताना आम्ही समुद्रावर पाऊण तास फिरलो, मुलगा रडून रडून झोपला. त्यात किती इंधन जात असेल?

---

लोडशीट

मंजिरीताई, याचा सरकारनेच दिलेला हिशेब आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबईच्या फेऱ्या कमी करायला लावल्या तेव्हा त्यांनी म्हटलं होतं: विमान सरासरी ताशी २,००० किलो इंधन घेतं. ४० मिनिटं घिरट्या घातल्या तर १.७ किलोलिटर, म्हणजे सुमारे १.८ लाख रुपये. तासभर फिरलं तर सुमारे २.५ किलोलिटर, २.६ लाख रुपये. तुमच्या त्या पाऊण तासात साडेचार टनांच्या वर कार्बन गेला.

मुंबईचं दुखणं असं की दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर डिसेंबर २०१८मध्ये एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली होती! २०२४च्या त्या आदेशाने गर्दीच्या तासाला ४६ वरून ४४ फेऱ्या केल्या. दोनच कमी वाटतात, पण रांगेतली दोन विमानं हलली की मागची सगळी हलतात.

खरा उपाय आकाशात थांबवण्यापेक्षा जमिनीवर थांबवणं. मुंबईत गर्दी होणार हे दिसत असेल तर नागपूरचं विमान बेवरच इंजिन बंद ठेवून वीस मिनिटं उभं राहिलेलं बरं. दिल्लीत त्यासाठी देशभरच्या वाहतुकीचं नियंत्रण केंद्र आहे. प्रवाशांना मात्र तेच सगळ्यात जास्त खुपतं. "विमान तयार आहे, मग निघत का नाही?" म्हणून केबिन क्रूवर ओरडणारे लोक मी पाहिलेत. इथे वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती, त्या मुलींवर ओरडू नका.

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाला, त्याने मुंबईवरचा भार हळूहळू उतरेल. डिस्पॅचरच्या नजरेतून आणखी एक: ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर जायचा पर्यायी विमानतळ जितका जवळ तितकं राखीव इंधन कमी वाहावं लागतं. पण पावसाळ्यात पार्ल्याला ढग फुटले की नवी मुंबई विमानतळाशेजारच्या उलव्यालाही फुटतात. त्यामुळे जुलैत पर्याय म्हणून अहमदाबाद-हैदराबादच धरावं लागणार.

---

स्पॅनर

मी विमान देखभाल अभियंता. देखभालीची बाजू राहिली म्हणून लिहितो.

इंजिनाच्या कंप्रेसरच्या पात्यांवर धूळ आणि तेलकट थर बसतो. पाण्याने धुतलं की इंधनात एक टक्क्यापर्यंत फरक पडतो. आपल्याकडची धूळ आणि किनाऱ्याची खारी हवा पाहता हे वेळच्या वेळी व्हायला हवं. पण विमान रात्री चार तास उभं मिळतं आणि त्यात दहा कामं. दरवाजाचं रबर सैल झालं, फ्लॅप (पंखाच्या मागची हलती झडप) जरा वर राहिला, पंखावर पोचा आला, तर उड्डाणाला धोका नसतो, पण हवेचा विरोध वाढतो. अशा नोंदी "पुढच्या तपासणीत करू" म्हणून सरकत राहतात. मला त्याचा मनापासून त्रास होतो.

पंखांच्या टोकाला वर वळलेले शार्कलेट दिसतात ना, लांबच्या फेरीत त्यांनी चार टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं. आणि सगळ्यात मोठी उडी नवीन इंजिनाची. इंडिगोचं पहिलं ए३२० निओ मार्च २०१६मध्ये आलं. आधीच्या ए३२०पेक्षा साधारण १५ टक्के कमी इंधन. पण त्याचीही दुसरी बाजू आहे. प्रॅट अँड व्हिटनीच्या या इंजिनांत धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या चकत्यांचा दोष २०२३मध्ये जाहीर झाला आणि जगभर शेकडो विमानं जमिनीवर बसली. गो फर्स्टने मे २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा याच इंजिनांकडे बोट दाखवलं होतं. बसलेल्या विमानांच्या जागी जुनी, जास्त पिणारी विमानं भाड्याने आणावी लागली. कागदावर वाचलेलं इंधन असं मागच्या दाराने परत जळतं. टिकाऊपणा हाही इंधन बचतीचाच भाग आहे, हे खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

---

डावी_सीट

लोडशीट, लेख आवडला. मी कॅप्टन आहे, ए३२० उडवतो. पण एक बाजू मांडतो.

इंधन वाचवा म्हणताना शेवटी बोट कॅप्टनकडे येतं. "तुम्ही प्लॅनपेक्षा ६०० किलो जास्त का घेतलं?" दर महिन्याला तक्ता लागतो. आता बघा, प्लॅनमध्ये प्रवासाचं इंधन असतं, त्यावर पाच टक्के आकस्मिक, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटचं तीस मिनिटांचं, ज्याला हात लावायचा नाही. कायद्याने एवढं पुरतं. पण जूनच्या रात्री मुंबईवर ढग उभे असतील, पुढे पाच विमानं रांगेत असतील, तर त्या ६०० किलोंची किंमत वर बसलेल्यालाच कळते. डोक्यात वेळ असेल तर निर्णय शांतपणे होतो. हा अधिकार कॅप्टनचाच आहे आणि तसाच राहिला पाहिजे.

बाकी बाबतीत मी तुमच्याशी सहमत. उतरल्यावर इंजिन थंड व्हायला काही मिनिटं देऊन एक बंद करायचं आणि दुसऱ्यावर बेपर्यंत यायचं, हे मी नेमाने करतो. दोन्ही चालू ठेवली तर टॅक्सीत, म्हणजे जमिनीवर चालताना, मिनिटाला दहा-बारा किलो जातात. उंचीवरून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरण्याऐवजी सलग घसरत यायला मिळालं तर इंजिन जवळजवळ आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर असतं. ते मात्र एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) देईल तेव्हाच.

---

लोडशीट

कॅप्टनसाहेब, तुमच्या ६०० किलोंवर माझा कधीच आक्षेप नव्हता. एक प्रसंग सांगतो. रात्री अडीचला एका कॅप्टनने माझ्या प्लॅनवर ८०० किलो वाढवून मागितले. मी फोनवर विचारलं, "सर, कारण लिहू?" ते म्हणाले, "लिहा, की मला आज आकाश आवडत नाही." मी लिहिलं, हवामान. दोन तासांनी मुंबईत वादळ आलं, चार विमानं अहमदाबादला वळली. ते उतरले. त्या दिवसापासून मी कारण विचारायचो ते फक्त शिकण्यासाठी.

माझा आक्षेप आहे सवयीने घेतलेल्या इंधनाला. जानेवारीच्या स्वच्छ दुपारी, रोजच्या मार्गावर, विचार न करता ५००. तक्ता लावून, लाज वाटायला लावून ते कमी होत नाही. व्हर्जिन अटलांटिकने २०१४मध्ये ३३५ कॅप्टनांसोबत आठ महिने एक प्रयोग केला होता. काहींना फक्त त्यांचे स्वतःचे आकडे महिन्याला कळवले, काहींना व्यक्तिगत लक्ष्य दिलं, काहींना सांगितलं की लक्ष्य गाठलंत तर तुमच्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला पैसे देऊ. गंमत अशी की ज्यांना काहीच पाठवलं नाही, फक्त मोजणी चालू आहे एवढंच ठाऊक होतं, तेही सुधारले. मोजणी आणि आदर, दोन्ही लागतं.

वेगाबद्दल तुम्हीच नीट सांगाल, पण थोडक्यात. प्लॅनमध्ये 'कॉस्ट इंडेक्स' नावाचा आकडा असतो: वेळेची किंमत भागिले इंधनाची किंमत. इंधन महाग झालं की तो खाली येतो, विमान सावकाश जातं, कार्बनही घटतो. पण उशीर झाला, क्रूची ड्युटी संपत आली, पुढची फेरी अडकली, की तो वर जातो आणि विमान धावतं. म्हणजे सकाळी रॅम्पवर हरवलेली पंधरा मिनिटं दुपारी आकाशात इंधन जाळून भरून काढली जातात. वक्तशीरपणा हे इंधन बचतीचं सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे असं मला ठामपणे वाटतं.

---

ऱ्हाइनकाठ

जर्मनीहून लिहितेय, इथे विमान वाहतुकीच्या डेटावर काम करते. टँकरिंगबद्दल: युरोपातल्या हवाई वाहतुकीचं समन्वयन करणाऱ्या युरोकंट्रोल संस्थेने २०१९मध्ये हिशेब मांडला होता. युरोपात टँकरिंगने कंपन्यांचे वर्षाला २६.५ कोटी युरो वाचतात, आणि त्यापायी ९,०१,००० टन जादा कार्बन होतो. यानंतर नियम बदलला. २०२५पासून युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कंपनीला तिथे लागणाऱ्या वर्षभराच्या इंधनापैकी किमान ९० टक्के तिथेच भरावं लागतं. तेव्हा काका, तुमची सही तुमच्या मनाला लागली ते समजतं, पण हा प्रश्न एका डिस्पॅचरने सुटणारा नव्हता. तो कर आणि नियमाने सुटतो. भारतात एटीएफ जीएसटीत आलं, सगळीकडे एक दर झाला, तर टँकरिंगचं मोठं कारणच संपेल.

चौथं ठिकाणही जोडते, जिथे खर्च आणि हवामान वेगळे होतात. विमानामागे उमटणारे पांढरे पट्टे. काही थरांत ते तासन्‌तास टिकतात आणि रात्री उष्णता अडवतात. गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० उड्डाणांत उंची थोडी बदलून पाहिलं. २०२३मध्ये निकाल सांगितला: पट्टे ५४ टक्के कमी, पण त्या उड्डाणांना दोन टक्के इंधन जादा. इथे तर कार्बन किंचित वाढवून तापमानवाढ कमी करायची आहे. कंपनीने हे स्वतःहून का करावं?

---

शिरोळकर

मी ऊस लावतो, शिरोळ तालुका. विमानात दोनदाच बसलोय. पण हरित इंधनाचं नाव निघालं की आमच्याकडे बोट येतं म्हणून वाचत होतो. आमच्या मळीपासून विमानाचं इंधन होतं म्हणतात, ते खरं का? आणि खरं असेल तर उसाला चार पैसे जास्त मिळणार का, की मधल्यामध्येच जाणार?

---

लोडशीट

शिरोळकर दादा, खरं आहे. १९ मे २०२३ला एअरएशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला गेलं, त्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेलं इंधन मिसळलं होतं, एक टक्क्यापर्यंत. मळीतून निघणाऱ्या मद्यार्कापासून जेट इंधन बनवण्याचा तो मार्ग. त्याआधी ऑगस्ट २०१८मध्ये स्पाइसजेटचं विमान जट्रोफाच्या तेलातून बनवलेलं इंधन मिसळून डेहराडूनहून दिल्लीला आलं होतं, ते डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेचं काम. जळताना हे इंधन जवळपास तेवढाच कार्बन सोडतं. पण तो कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून उगवणीपासून मोजला तर निव्वळ भर कमी पडते. किती कमी, ते कच्च्या मालावर आणि कारखान्याच्या विजेवर ठरतं.

किंमत मात्र नेहमीच्या एटीएफच्या दुप्पट ते पाचपट. २०२४मध्ये साऱ्या जगात ते १० लाख टन बनलं, एकूण जेट इंधनाच्या ०.३ टक्के. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ला एक, २०२८ला दोन आणि २०३०ला पाच टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलंय. २०२७पासून जागतिक कार्बन भरपाई योजना, कॉर्सिया, आपल्या कंपन्यांनाही बंधनकारक होते. म्हणजे मागणी येणार हे नक्की.

तुम्हाला किती मिळेल ते कारखाना आणि दराचं राजकारण तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण माझं मत विचाराल तर मळी ठीक, ती उपउत्पादन आहे. वापरलेलं खाद्यतेल त्याहून बरं, पानिपतच्या रिफायनरीला २०२५मध्ये त्याचं प्रमाणपत्र मिळालंय. पण विमानासाठी म्हणून नवीन ऊस लावायचा आणि त्याला कृष्णा-भीमेचं पाणी ओतायचं, याला माझा विरोध आहे. हवेतला हिशेब सुधारायला विहिरीतला बिघडवू नये.

---

शिरोळकर

हे पटलं. आमच्याकडे २०१९ला पुराने शेत गेलं, आणि त्याच जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर लागतो. पाण्याचं पहिलं बघा.

---

मधली_सीट

एक शंका, मनात बरेच दिवस आहे. खर्च कमी झाला की तिकीट स्वस्त, मग जास्त लोक उडणार. २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानं मागवली. प्रत्येक विमान १५ टक्के कमी पिणारं असलं तरी संख्या दुप्पट झाली की एकूण धूर वाढणारच. मग या किलो-किलोच्या बचतीला अर्थ काय?

---

लोडशीट

तुमची शंका बरोबर आहे आणि मी ती टाळणार नाही. एकूण कार्बन वाढणार. भारतातले बहुसंख्य लोक आजवर एकदाही विमानात बसलेले नाहीत, आणि त्यांनी बसू नये असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण जिथे रेल्वे चांगली तिथे विमान नको. सोलापूरला वंदे भारत २०२३मध्ये सुरू झाली, माझी बहीण तिनेच जाते. छोट्या अंतरावर जेटऐवजी एटीआरसारखं पंख्याचं विमान, ते ताशी सातशे किलोच्या आसपासच घेतं. आणि जे विमान उडणारच आहे, त्याने उभ्या-उभ्या, घिरट्या घालत, किंवा कर वाचवायला इंधन वाहत एक किलोही जाळू नये. माझ्या हातात तेवढंच होतं, म्हणून मी तेवढंच धरून बसलो.

---

मंजिरी_पार्ले

काका, प्रवासी म्हणून आम्ही काय बघायचं? बसल्या जागेवरून कळतं का काही?

---

लोडशीट

कळतं. विमान बेला लागून इंजिनं बंद झाली तरी शेपटीकडून सलग घरघर येत राहते, ती एपीयू. बाहेरची वीज जोडली की दिवे क्षणभर लुकलुकतात. पुढे एपीयू बंद केलं की ती घरघर थांबते. आणि उन्हाळ्यात विमान बेला लागल्यावर बाहेर पडताना खिडकीचं शटर खाली ओढून जा, केबिन तापत नाही, थंड करायला कमी लागतं. क्रू सांगतो ते त्यासाठीच.

---

मंजिरी_पार्ले

काल रात्री हैदराबादहून आलो. मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं. बेला लागल्यावर तो कान देऊन बसला, मी घड्याळ लावलं. दिवे लुकलुकले तीन मिनिटांनी, घरघर थांबली पाचव्या मिनिटाला. खाली पाहिलं तर हिरवं जॅकेट घातलेला एक मुलगा केबलपाशी उभा होता. माझ्या पोराने त्याला खिडकीतून हात केला, त्यानेही वर बघून केला. मग आम्ही शटर ओढलं.